डबा रिकामा द्यायचा नसतो

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी नेदरलँड्समध्ये तीस वर्षं संसार केला आणि त्या संसारात स्वयंपाक सोडून सगळं केलं. मुलगी वाढवली, भावोजींचं आजारपण काढलं, डच शिकल्या, चाळिशी उलटल्यावर सायकल शिकल्या, दोन कालव्यांत मिळून तीनदा पडल्या. पण त्यांच्या शेगडीवर कधी काही शिजलं असेल तर तो चहा, आणि तोही पाहुणे घाईत असले तर. ओव्हनमध्ये त्या कागदपत्रं ठेवायच्या. खेमेन्टेची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची पत्रं वरच्या जाळीवर, मुलीच्या शाळेची खालच्या जाळीवर आणि तळाशी सगळ्यांचे पासपोर्ट. "वाळवी लागत नाही, चोर बघत नाही आणि मी तर उघडतच नाही," असं त्या ओव्हनचं कौतुक करायच्या. एकदा मुलीच्या मैत्रिणीने केक करायचा म्हणून न बघता ओव्हन तापवत ठेवला. पत्रं बचावली, पण भावोजींच्या पासपोर्टाला कडेने छान बदामी रंग आला. पुढे विमानतळावरचा अधिकारी तो उलटसुलट करून बघायला लागला, तेव्हा जाऊबाई त्याला म्हणाल्या, "दोन्ही बाजूंनी भाजलाय हो. कच्चा नाही राहिला." आणि हे त्यांनी डचमध्ये सांगितलं, म्हणून त्या माणसाने शिक्का मारला. इंग्रजीत सांगितलं असतं तर भावोजी अडकले असते, असं त्यांचं अजून मत आहे.

मग ही मंडळी जेवायची कुठे? तर गावात. त्या उइटहॉर्नला राहायच्या, आम्ही अ‍ॅमस्टलवेनला. उइटहॉर्न तसं लहान गाव, मधून नदी, नदीला पूल, पुलाच्या दोन्ही अंगांना चार-सहा खाण्याच्या जागा. तेवढ्या भांडवलावर जाऊबाईंनी तीस वर्षं काढली. बाहेर जेवण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं. पहिला नियम, मेनू वाचायचा नाही. "त्यात काय लिहिलंय ते त्यांना माहीत. कढईत काय आहे ते मला बघू दे," असं म्हणून त्या तडक मुदपाकखान्यात शिरायच्या, आपल्याकडे लग्नघरातली एखादी आत्या आचाऱ्याच्या मागे जाऊन उभी राहते तशा. पुलाजवळच्या पॅनकेकवाल्याकडे सहा फुटी आचारी होता. त्याच्या कोपराखालून डोकावून त्यांनी त्याला सांगितलं, की बाबा, तुझं उलथनं अरुंद आहे, म्हणून तुझं धिरडं फाटतं. पुढच्या खेपेला तिथे रुंद उलथनं होतं. योगायोग असेल. जाऊबाई तसं मानत नाहीत.

दुसरा नियम, पर्समध्ये लसणाची चटणी. पॅनकेकवर चटणी, बटाट्याच्या तळलेल्या कापांवर चटणी, एकदा तर सफरचंदाच्या केकवर. आणि तिसरा नियम, शेजारच्या टेबलाशी ओळख करून घ्यायचीच. ज्या देशात माणसं सख्ख्या भावाकडे जायचं तरी तीन आठवडे आधी ठरवून जातात, तिथे ह्या बाई अनोळखी माणसाच्या ताटाकडे बोट दाखवून विचारायच्या, "चांगलं लागतंय का?" एकदा एक मध्यमवयीन गृहस्थ एकटेच सूप पीत बसले होते. ह्यांनी विचारलं, "एकटेच? बायको कुठे?" तो म्हणाला, सोडून गेली. दुसरं कोणी असतं तर ओशाळलं असतं. ह्यांनी त्याच्या सुपात चमचाभर चटणी घातली. त्याच्या डोळ्यांना धार लागली आणि ती नक्की कशाने लागली हे त्यालाही सांगता आलं नाही. पुढे दर मंगळवारी तो ह्यांच्या टेबलाशी बसायला लागला.

आता माझं सांगते. मी ह्या देशात आले तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं. आता सहासष्ट आहे, त्यातलं पुष्कळ विसरले आहे, म्हणून बरं चाललंय. नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली मी बायको. मला इथे काम नव्हतं, भाषा नव्हती, पण तीन कुकर होते. शिवाय पोळपाट, पुरणयंत्र आणि बाईची लायकी तिच्या पोळीच्या पदरांवरून ठरते हा ठाम सिद्धांत. एकटी बाई हॉटेलात शिरते म्हणजे तिच्या घरात काहीतरी बिनसलंय, हा उपसिद्धांत. त्या दृष्टीने जाऊबाईंच्या घरात तीस वर्षं बिनसलेलंच होतं. मी दिवसभर स्वयंपाक करायची आणि संध्याकाळी नवऱ्याला आणि लेकीला तो वाढून त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. दोघंही चांगलं झालंय म्हणायचे. मग मी भांडी घासायची. दारावरची घंटा वाजली तर आधी पडद्याआडून बघायची आणि बहुतेक वेळा उघडायची नाही.

पहिल्याच महिन्यात जाऊबाई मला त्यांच्या शेजारणीकडे कॉफीला घेऊन गेल्या. शेजारणीने बिस्किटांचा डबा पुढे केला. मी आपल्या रीतीने "नको, नको" म्हटलं, दुसऱ्यांदा आग्रह झाला की घ्यायचं ह्या हिशोबाने. तो दुसऱ्यांदा आलाच नाही. तिने झाकण लावलं, ते मला आजही ऐकू येतं. जाऊबाईंनी आपलं बिस्कीट खाल्लं, हात पुढे केला, झाकण उघडलं, दोन बिस्किटं काढली, एक मला दिलं आणि शेजारणीशी गप्पा चालूच ठेवल्या. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "वहिनी, असं कुणाच्या डब्यात हात घालतात का?" तर म्हणाल्या, "धाकटे, तू नको म्हणालीस, ते तिला खरं वाटलं. आता खोटं बोलायचं असेल तर उपाशी राहायची तयारी ठेव."

तर ह्या अशा बाईच्या हाती माझा डबा पडला.

डबा म्हणजे सासूबाईंनी निघताना मला दिलेला. स्टीलचा, गोल, घट्ट झाकणाचा, अंगावर ठिपक्याठिपक्यांनी सासूबाईंचं नाव कोरलेलं. थोरली सून सोडून तो त्यांनी मला, धाकटीला दिला. हे माझं पदक होतं. परदेशात मी एकटी नव्हते, माझ्याजवळ पुरावा होता. दर रविवारी फोनवर सासूबाई विचारायच्या, "डबा वापरतेस ना?" मी म्हणायची, "रोज."

पहिल्या संक्रांतीला मी तिळगुळाचे लाडू केले आणि त्याच डब्यात घालून जाऊबाईंकडे पाठवले. द्यायचे ते देखणे द्यावेत, आणि खरं सांगायचं तर पदक दाखवावं, असे दोन्ही हेतू होते. त्यांनी लाडू खाल्ले आणि मग अडचण उभी राहिली. डबा रिकामा परत द्यायचा नसतो. निदान साखर, काही नाही तर चार फुलं, पण रिकामा नाही. इतर कुठलीच रीत न पाळणारी ही बाई एवढी एक रीत मात्र प्राणपणाने पाळायची. घरात तर काही शिजत नाही. म्हणून त्या उरलेले सहा लाडू तसेच डब्यात ठेवून नदीकाठच्या थाई बाईच्या खानावळीत गेल्या, लाडू तिला दिले आणि म्हणाल्या, ह्यात काहीतरी भरून दे, माझ्या जावेला द्यायचंय.

थाई बाईने भरून दिलं. डबा घेऊन जाऊबाई बसच्या थांब्याकडे निघाल्या. वाटेत नदीकाठी एक बाकडं आहे. उन्हं पडली होती, जी इथे जानेवारीत पडत नाहीत, म्हणून त्या घडीभर टेकल्या. गरम भाताचा वास येत होता. थोडं चाखून बघावं म्हणाल्या. बाकड्यावरून उठल्या तेव्हा डबा रिकामा होता, आणि रिकामा डबा तर परत द्यायचा नसतो. म्हणून त्या माघारी खानावळीत गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच बाकडं. असा पौष गेला, माघ गेला. मी फोन केला की उत्तर ठरलेलं. "अगं, निघालाय डबा. वाटेत आहे." हे अक्षरशः खरं होतं. आणि रविवारी सासूबाईंना मी "रोज वापरते" म्हणत होते, हे अक्षरशः खोटं.

होळी तोंडावर आली तेव्हा माझा धीर सुटला. आता तो डबा मी स्वतः जाऊन आणणार असं नवऱ्याला जाहीर केलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "बसचा नंबर माहितेय का?" माहीत नव्हता. आता ट्राम थेट उइटहॉर्नला जाते. तेव्हा बस होती आणि त्या बसमध्ये एकटीने चढायची माझी ती पहिलीच वेळ. डचमधलं एक वाक्य पाठ केलं होतं, "मी माझा डबा न्यायला आले आहे." बसभर पुटपुटत गेले. खानावळीसमोर पोचल्यावर फुटपाथवर तीन फेऱ्या मारल्या. पुण्यातलं कोणी बघत नाही ना, म्हणून मागेसुद्धा पाहिलं.

आत गेले तर कोपऱ्यात जाऊबाई बसलेल्या आणि पुढे माझा डबा, झाकण उघडून.

"ये धाकटे, बस. बरी आलीस. एकटीला संपत नव्हतं."

"वहिनी, हा डबा माझा आहे."

"मग? तुझाच आहे. नाव थोडंच पुसलंय मी?"

"नाव सासूबाईंचं आहे."

"मग त्यांचा असेल. आपण दोघी भाडेकरू. जेव."

पाठ केलेलं वाक्य वाया गेलं. तेवढ्यात ती थाई बाई आली. ठेंगणी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली. तिने नाव विचारलं नाही, काय हवं ते विचारलं नाही, मोडक्या इंग्रजीत पहिला प्रश्न म्हणजे, "वय काय?" मी म्हटलं, अडतीस. ती म्हणाली, मी एकेचाळीस, म्हणजे तू धाकटी. त्यांच्यातही थोरल्या-धाकट्याला हाक मारायचे शब्द निराळे असतात, त्यामुळे वय कळल्याशिवाय पुढे बोलताच येत नाही. धाकट्याला 'नाँग' म्हणतात. "बघ," जाऊबाई म्हणाल्या, "ह्या देशात मला वय विचारणारं हे पहिलं माणूस. मी तेव्हाच ओळखलं, ही आपल्यातली." मी मात्र खट्टू झाले. सात समुद्र ओलांडून इथेही मी धाकटीच.

माझ्यासमोर ताट आलं. मी मासळी खात नाही हे जाऊबाईंनी आधीच सांगून ठेवलेलं दिसलं, कारण माझी भाजी तिने वेगळ्या कढईत केली होती. अळंबी, मिरच्या आणि वर हिरवी पानं. एक पान उचलून वास घेतला आणि हातातलं खाली ठेवलं. तुळस होती. साधीसुधी नाही, आपली, वृंदावनातली. परतलेली.

"वहिनी, हिने तुळस भाजीत घातलीय."

"हो. छान लागते."

मी एकेक पान निवडून ताटाच्या कडेला लावायला लागले. घरी माझ्या बाल्कनीतली तुळस आल्याच्या दुसऱ्या महिन्यात थंडीने मेली होती. त्या काड्यांनाही मी रोज पाणी घालत होते. आणि इथे ही बाई मूठमूठ पानं तेलात टाकत होती. जाऊबाईंनी माझं निवडणं बघितलं. मग म्हणाल्या, "नैवेद्याच्या ताटावर काय ठेवतेस?"

"तुळशीपत्र."

"म्हणजे देवाला चालतं. तुला चालत नाही. तू वरच्या पायरीवरची दिसतेस."

समोर भिंतीवर थाई बाईचा देव्हारा होता. त्यात बुद्धाची मूर्ती, झेंडूची दोन फुलं आणि नैवेद्याला लाल सरबताची बाटली, झाकण काढून, आत स्ट्रॉ घातलेली. जाऊबाईंनी तिकडे बोट केलं. "आपण देवाला नुसतं दाखवतो. ही बघ, प्यायची सोय करून देते."

मला हसू फुटलं. ह्या देशात आल्यापासून एवढं मोठ्याने मी हसले नव्हते, आणि हसता हसता पहिला घास केव्हा गेला ते कळलं नाही. तिखट इतकं होतं की कानांतून वाफा निघाल्या. मी ताट संपवलं. कडेला लावलेली पानंसुद्धा संपवली. दुसऱ्याच्या हातचं, आयतं, गरम, आणि जेवल्यावर भांडी घासायची नाहीत. अडतीस वर्षांच्या आयुष्यात मी हॉटेलात जेवले नव्हते असं नाही, पण जेवताना कुणाच्या तोंडाकडे बघावं न लागता जेवले, ते त्या दिवशी.

निघताना डबा मागितला. थाई बाईने तो घासला, पुसला आणि थांब म्हणाली. तिच्यातही रिकामा देत नसत, का जाऊबाईंनी तिला तशी वळवली होती, देव जाणे. खिडकीत तिची तुळस होती, काचेमागे, गच्च वाढलेली. तिने एक रोप मातीसकट उपटलं आणि सासूबाईंच्या डब्यात लावून दिलं. सांगितलं, बाल्कनीत नको, काचेच्या आत ठेव, इथला वारा तिला सोसत नाही. परतीच्या बसमध्ये डबा मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या डच आजीने विचारलं, "काय आहे?" आणि मला शब्द सुचेना, तर मी तिला पान चुरगाळून वास दिला. ती पुढचे चार थांबे बोलत होती. मला निम्मंही कळलं नाही, पण दार उघडल्यासारखं वाटलं.

रोप कुंडीत लागलं. डबा धुतला, पुसला, फडताळात ठेवला. जिंकले. दुसऱ्या दिवशी फडताळ उघडलं तर तो तिथेच, रिकामा. तिच्याकडून रोप आलं, आणि आपण काय दिलं? होळीला पुरणपोळ्या केल्या, आठ त्यात घातल्या आणि पुन्हा बस पकडली. ह्या वेळी नंबर माहीत होता.

तेव्हापासून सत्तावीस वर्षं तो डबा आम्हा तिघींत फिरत राहिला. त्याच्या मागे मीही फिरले. डबा पोचवायचा म्हणून डच शिकले, डबा न्यायला सायकल शिकले, कालव्यात मात्र एकदाच पडले. डब्यात कधी करंज्या असायच्या, कधी नारळाच्या दुधातला चिकट भात, आणि जाऊबाईंची पाळी आली की गावातल्या कुठल्या तरी दुकानातला, आत जाऊन तपासून आणलेला पदार्थ. वाटेतलं बाकडं तसंच होतं. पुढे त्यावर आम्ही दोघी बसायला लागलो आणि डबा आणखी लवकर रिकामा व्हायला लागला. सासूबाई असेपर्यंत फोनवर विचारायच्या आणि मी "रोज" म्हणायची. तोवर ते खोटं राहिलं नव्हतं.

भावोजी गेले त्याला आता सहा वर्षं झाली. गेल्या वर्षी जाऊबाईंचे गुडघे बोलायला लागले, लेक पुण्यात असते, ती हट्टाला पेटली. घर विकायला काढलं. ओव्हन रिकामा करायला मी गेले होते. कागद काढून झाल्यावर आतून इतका कोरा निघाला की घर घेणाऱ्या जोडप्याला तो नवाच बसवलाय असं वाटलं. जाऊबाईंनी ते खोडून काढलं नाही. डबा तेव्हा माझ्याकडे होता, पाळी माझी होती. पासपोर्ट चाळता चाळता त्या म्हणाल्या, "आता ठेव तो तुझ्याकडेच. सुटलीस एकदाची."

"माझाच होता. सासूबाईंनी मला दिला होता."

"हो. आधी मलाच देत होत्या. मी म्हटलं, धाकटीला द्या. तिला स्वयंपाक येतो. मी त्यात काय ठेवणार, पासपोर्ट?"

एवढं बोलून त्या पुढच्या जाळीकडे वळल्या. अठ्ठावीस वर्षं छातीवर मिरवलेलं माझं पदक त्यांनी असं काढून घेतलं, आणि गंमत म्हणजे मला हलकंच वाटलं.

घरी येऊन डबा फडताळात ठेवला. हवा होता तिथे, हवा होता तसा, कायमचा. माझी नात सात वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती डचमध्ये उत्तर देते. तिने विचारलं, "आजी, सारखं फडताळ उघडून काय बघतेस?" मी म्हटलं, काही नाही. रात्रीपर्यंत सहा वेळा बघितलं असेल.

स्किपोल विमानतळावर त्यांना सोडायला गेले तेव्हा डबा माझ्या पिशवीत होता. खाली माझे बेसनाचे लाडू, वर थाई बाईने तळून दिलेले केळ्याचे काप आणि सगळ्यांत वर तुळशीचं पान. मी तो त्यांच्या हातात दिला.

"हे काय? हा तुझा आहे ना?"

"माझाच आहे. आठवणीने परत आणायचा."

जाऊबाई डब्याकडे बघत राहिल्या. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "रिकामा चालेल?"

"तुमची हिंमत असेल तर आणा."

"बरं," म्हणाल्या. "येते." आणि तपासणीच्या रांगेत पुढच्या माणसाला, तुझ्या डब्यात काय आहे, असं विचारत आत गेल्या.

ह्याला आठ महिने झाले. दर रविवारी फोन असतो, पण आता विचारायचं काम माझ्याकडे आहे. लेकीच्या घरी सकाळ-संध्याकाळ साग्रसंगीत स्वयंपाक होतो, म्हणून त्या दुपारी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या खानावळीत जातात. तिथल्या आचाऱ्याचं उलथनं अरुंद आहे. मी शुक्रवारी उइटहॉर्नला जाते, थाई बाई विचारते, "थोरली कधी येणार?" मी म्हणते, डबा आला की. मग बाकड्यावर थोडी बसते. एका टोकाला बसायची सवय आहे, ती जात नाही.

गेल्या रविवारी त्या म्हणाल्या, "धाकटे, डबा धुऊन पुसून समोरच ठेवलाय बघ. पण भरायचं काय, ते ठरत नाहीये."

मी म्हटलं, "ठरवा सावकाश, वहिनी. फक्त विमानात उघडू नका."